चौदा नंबरचं इंजिन

"हललं नाही! दिवासुद्धा लागला नाही!" कपिल ओरडला. "नानासो काका, परत दाबा ना! जोरात दाबा!"

"जोरात दाबून काय होणार? ही काय दाराची बेल आहे?" आम्रपालीनं धाकट्या भावाला कोपर मारलं, पण तीही इंजिनावर वाकून बघत होती.

रुळावर वीतभर लांबीचं काळं वाफेचं इंजिन उभं होतं. धुराडं, चाकं, चाकांना जोडणारे दांडे, सगळं अगदी हुबेहूब! प्रबुद्धमामाला कंपनीनं शिकायला जर्मनीला पाठवलं होतं, तिथून त्यानं ते आणलं होतं. सुट्टीत साताऱ्याहून मिरजेला आजोळी आलं की आम्रपाली आणि कपिल हातपाय धुण्याआधी त्याचं खोकं उघडायचे. उद्या इथंच, सांगलीत नानासोंच्या माडीवर, छोट्या रेल्वेचं प्रदर्शन भरणार होतं आणि पहिली गाडी केरू आजोबा चालवणार होते. आजोबा म्हणजे खरेखुरे वाफेच्या इंजिनाचे ड्रायव्हर! रिटायर झाल्यापासून त्यांच्या हातात कुणी इंजिन दिलं नव्हतं. आठवडाभर आजोबा स्वतःच स्वतःची टोपी धुऊन वाळत घालत होते, त्यावरून काय ते समजा.

"बघू, पोटात काय झालंय ते," असं म्हणत नानासोंनी इंजिन उलटं केलं, बारीक स्क्रू काढले आणि आतून एक हिरवी चिप बाहेर काढली. तिच्या मधोमध काळा डाग पडला होता.

"अरेरे! डिकोडर जळला," नानासो म्हणाले.

डिकोडर म्हणजे इंजिनाचा कान. पोस्टाच्या तिकिटाएवढी चिप, पण तिच्याशिवाय सगळं ठप्प! हातातल्या पेटीवर इंजिनाचा नंबर लावायचा आणि आज्ञा द्यायची. आज्ञा रुळांतून सगळ्याच इंजिनांपर्यंत जाते, पण ज्याचा नंबर तेच इंजिन हलतं. मागच्या दिवाळीत मामानं हा डिकोडर आणला आणि आम्रपाली, कपिल आणि त्यांचे मिरजेचे दोस्त अश्फाक-सिमरन अशा चौघांनी मिळून तो बसवला. कथलाचे डाग देऊन तारा जोडल्या अश्फाकनं. सिमरननं बॅटरी धरली. आम्रपालीनं भीमजयंतीच्या सजावटीतली उरलेली निळी चिकटपट्टी चिपेभोवती गुंडाळली, म्हणजे चिप इंजिनाच्या लोखंडाला टेकणार नाही. नंबरही तिनंच सुचवला, चौदा. चौदा एप्रिलचा चौदा! कपिलनं काय केलं? सगळ्यांच्या वाटणीचा चिवडा खाल्ला.

"पण जळला कसा?" सिमरननं विचारलं. ती अश्फाकची धाकटी बहीण. बोलायची कमी, बघायची जास्त.

नानासोंनी चष्मा काढून पुसला. "आता कसं सांगू? डाग देताना कढत कावी जास्त वेळ टेकली असणार. चिप आतून दुखावते आणि मग कधीतरी दगा देते. अश्फाक, राग मानू नकोस हं बेटा. रेडिओ वेगळा आणि हे नाजूक काम वेगळं."

अश्फाकचा चेहरा पार उतरला. त्याच्या अब्बांचं, जैनुद्दीनचाचांचं, मिरजेत रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं आणि तिसरीत असल्यापासून अश्फाक त्यांच्याशेजारी बसून डाग द्यायला शिकला होता. "मी न्हाई जाळला," तो म्हणाला. "दिवाळीपासनं चालतंय की ते! परवा तुमच्याकडं तेलपाण्याला ठेवलं, तवाबी चालत होतं!"

"म्हणजे काय, नानासो काका खोटं बोलतात?" आम्रपाली एकदम भडकली. आजोबांची वाळत घातलेली टोपी तिच्या डोळ्यांपुढे आली आणि तिचा तोलच गेला. "मी तेव्हाच म्हणत होते, सावकाश कर, सावकाश कर! तुला नेहमी घाई! आता उद्या आजोबांना काय सांगू? यापुढे आमच्या इंजिनाला हात लावू नकोस!"

अश्फाकनं एकदा कपिलकडे पाहिलं. कपिलनं मान खाली घातली. मग अश्फाक धाडधाड जिना उतरून गेला. सिमरन त्याच्यामागे पळाली.

"जाऊ दे, मुलं आहात," नानासो मायेनं म्हणाले आणि दोघांच्या हातावर मूठमूठ बेदाणे ठेवले. "मुंबईला सांगून नवा मागवू. तोवर उद्या माझं इंजिन आहेच की!"

नानासो असेच होते, गोड. बँकेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी सगळी माडी रुळांनी भरून टाकली होती. डोंगर, बोगदा, पूल, स्टेशन! कुणाच्याही पोराला ते कधी हाकलायचे नाहीत. या चौघांना तर त्यांनीच सगळं शिकवलं होतं. कपिल त्यांच्यासाठी दर खेपेला साताऱ्याहून कंदी पेढे आणायचा, आणि वाटेत एकही खायचा नाही. कपिलला ओळखणाऱ्याला हे किती मोठं आहे ते कळेल.

जळकी चिप कपिलनं काडेपेटीत घालून खिशात टाकली आणि दोघं सिटी बसनं मिरजेला आले.

आजोबांनी सगळं ऐकून घेतलं. "आसू दे," एवढंच म्हणाले आणि दोरीवरची टोपी काढून, घडी घालून ट्रंकेत ठेवली. आम्रपालीला रडूच यायला लागलं.

संध्याकाळी दारात सिमरन उभी राहिली. कमरेवर हात!

"भाईजान जेवला न्हाई. अब्बांनी रेडिओ दुरुस्त करायला दिला, तर म्हणतो, माझ्या हातानं चिपा जळत्यात. खूश का?"

"मी काय मुद्दाम बोलले?" आम्रपाली पुटपुटली. "नानासो काकांनीच..."

"ती चिप कुठाय? दाव मला."

कपिलनं काडेपेटी पुढे केली. सिमरननं चिप खिडकीपाशी नेली, या बाजूनं बघितली, त्या बाजूनं बघितली, नाकाशी नेऊन हुंगली.

"आम्रपाली," ती हळूच म्हणाली, "तुझी निळी पट्टी कुठाय?"

आम्रपालीनं चिप हिसकावून घेतली. पट्टी नव्हतीच! नुसती उघडी चिप. ती पट्टी तिनं स्वतःच्या हातानं तीन वेढे देऊन, नखानं दाबून बसवली होती. नुसती जळली असती तरी थोडा तरी चिकटा राहिला असता. इथं काहीच नव्हतं. सकाळी नानासोंनी चिप बाहेर काढली तेव्हाही नव्हती. डोळ्यांसमोर होतं सगळं, आणि तिला दिसलं नव्हतं!

"ही आपली चिप नाहीच," ती म्हणाली.

"म्हणजे आपली कुठं गेली?" कपिलनं विचारलं. मग त्याचे डोळे मोठे झाले. "ताई! नानासो काकांचं इंजिन मागच्या आठवड्यात बंद पडलं होतं! आणि आज म्हणाले, उद्या माझं इंजिन आहेच की! मग ते चालायला कधी लागलं?"

उत्तर सगळ्यांना कळलं होतं आणि कुणालाच ते तोंडातून काढायचं नव्हतं. नानासो काका? त्यांचे नानासो काका?

तिघं धावत कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर गेली. पुण्याला मामाला फोन लावला. आम्रपालीनं धापा टाकत सगळं सांगितलं.

"थांब, थांब," मामा म्हणाला. "नीट ऐक. नंबर पेटीत नसतो, डिकोडरमध्ये असतो. डिकोडर कुठल्याही इंजिनात घाला, तो चौदालाच ओ देणार! नंबर बदलता येतो, पण ती रीत किचकट आहे आणि जर्मन पुस्तिका माझ्याकडे आहे. नानासो त्या भानगडीत कधी पडलेले नाहीत. त्यांच्या डिकोडरला कारखान्यातून तीन नंबर आला, तोच त्यांनी ठेवला. पण आम्रपाली, खात्री असल्याशिवाय कुणावर आळ घेऊ नकोस हं!"

आम्रपालीनं फोन ठेवला. खात्री असल्याशिवाय आळ! तिनं तर तो सकाळीच घेतला होता, तोही अश्फाकवर.

ती एकटीच जैनुद्दीनचाचांच्या दुकानामागे गेली. अश्फाक पायरीवर बसला होता.

"अश्फाक, ती चिप आपली नव्हतीच! पट्टी नाही तिच्यावर! तू काही जाळलं नाहीस!"

"मला म्हाईत हाय," अश्फाक म्हणाला.

"माझं चुकलं रे."

"पुरावा घावला म्हणून आलीस." त्यानं तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "नसता घावला तर?"

आम्रपाली आली तशी घरी गेली. त्या दिवशी नानासोंनी तिला फसवलं होतं, पण अश्फाकला तिनं दगा दिला होता. ते तिला जास्त बोचत होतं.

दुसऱ्या दिवशी नानासोंची माडी माणसांनी फुलून गेली. पुण्याहून छोट्या रेल्वेचे दोन मोठे शौकीन खास आले होते. त्यांच्यासाठी पुढे खुर्च्या मांडल्या होत्या. एक खुर्ची आजोबांना दिली होती. आजोबा बिनटोपीचे आले होते.

आणि रुळावर नानासोंचं हिरवं इंजिन धावत होतं! बोगद्यातून बाहेर, पुलावरून पलीकडे, दिवा लखलखीत, टाळ्यांवर टाळ्या.

"आम्रपाली, त्यांच्या हातातली पेटी बघ," सिमरन कुजबुजली.

पेटीवर एक छोटी काच असते. तिच्यात कुठल्या नंबरचं इंजिन चाललंय ते दिसतं. त्या काचेवर आज काळी टेप चिकटवलेली होती.

"काका, काचेला काय झालं?" सिमरननं निरागसपणे विचारलं.

"तडा गेला गं," नानासो पटकन म्हणाले. "काच हाताला लागेल म्हणून टेप लावली."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. कपिल शर्टाच्या आत काहीतरी लपवून टेबलाखाली शिरला. मामानं डिकोडरसोबत दिलेली त्यांची स्वतःची पेटी होती ती! बोगद्याच्या खाली दुसरी पेटी जोडायची जागा होती. ती कुणी दाखवली होती पोरांना? नानासोंनीच! एका सुट्टीत, कौतुकानं.

तेवढ्यात दारात अश्फाक दिसला.

आम्रपाली त्याच्याकडे गेली. "पेटी जोडलीय. नंबर तू लाव."

"मी नुसता बघायला आलोय," तो म्हणाला. "सिमरननं वढत आणलं."

कपिल टेबलाखालून बाहेर आला, डोक्याला जळमटं, तोंडभर हसू. पेटी आम्रपालीच्या हातात देऊन तो सरळ पुढे गेला.

"नानासो काका! एक प्रश्न!" त्याचा आवाज असा खणखणीत की पुण्याचे पाहुणेही वळले. "तुमच्या इंजिनाचा नंबर काय हो?"

"तीन," नानासो हसून म्हणाले. "सगळ्यांना माहीत आहे, बाळा."

"आणि आमच्या इंजिनाचा?"

"चौदा होता. बिचाऱ्याचा डिकोडर जळला."

"मग आता चौदा नंबर लावला तर काय होईल?"

"काय होणार? काहीच नाही," नानासो म्हणाले. पण त्यांचं हसू जरासं आखडलं.

आम्रपालीनं पेटीवर एक दाबलं. मग चार दाबलं. अजूनही, अगदी आत कुठंतरी, तिला वाटत होतं की काही होऊ नये. आपण चुकीचे निघावं. नानासो काका चांगलेच निघावेत.

तिनं 'थांब' दाबलं.

हिरवं इंजिन पुलावर थांबलं.

तिनं 'मागे' दाबलं. इंजिन मुकाट्यानं मागे सरकलं, स्टेशनात आलं आणि बरोबर आजोबांच्या खुर्चीसमोर उभं राहिलं. तिनं दिव्याचं बटण दाबलं. दिवा विझला, पुन्हा लागला.

"हे काय? गाडी कोण चालवतंय?" पाहुण्यांपैकी एक जण म्हणाले.

"मी," आम्रपाली म्हणाली आणि आपल्या पेटीची काच सगळ्यांकडे वळवली. काचेत चौदा लखलखत होता. "हा आमचा नंबर. त्या हिरव्या इंजिनात आमचा डिकोडर आहे!"

"काहीतरी गफलत..." नानासो सुरू झाले.

पण सिमरन पुढे झाली होती. तिनं त्यांच्या पेटीवरची टेप टर्रकन ओढली. काच छान शाबूत होती. तिच्यातही चौदाच!

पाहुण्यांनी हिरव्या इंजिनाचे स्क्रू काढायला लावले. आत निळ्या पट्टीत गुंडाळलेली चिप होती. तीन वेढे. नखानं दाबलेले.

कपिल पुढे झाला. "आमचे पेढे खाल्लेत! आमचे पेढे खाल्लेत, आणि आमचाच डिकोडर!" आणि तो चक्क रडायला लागला.

नानासो मटकन खाली बसले. "पोरांनो, मी परत बसवणारच होतो. माझा जळला. नवा यायला महिने लागतात. हे लोक पुण्याहून येणार, त्यांना काय दाखवू? तुम्ही लहान आहात, तुम्हाला पुढची सुट्टी आहे, असं वाटलं मला..."

"आनि माझं नाव?"

सगळे वळले. अश्फाक दारातून पुढे आला होता.

"चिप घेतली ते र्‍हाऊ दे, काका. मागितली असती तर दिली बी असती आमी. पर माझ्या हातानं जळली म्हणून का सांगितलं? अब्बांच्या दुकानात लोक माझ्याकडं काम देत्यात. उद्या तेबी म्हणतील, ह्याच्या हातानं जळतं."

नानासोंनी हातातली पेटी टेबलावर ठेवली.

आजोबा सावकाश उठले. "आवं नानासो," ते म्हणाले, "इंजिन वाटंत बंद पडलं की गार्ड इचारायचा, कुणाची चूक? डायवर म्हणायचा, माझी. फायरमनचं नाव कवाच घ्यायचा न्हाई, चूक त्याची आसली तरीबी. आमच्यात रीतच हुती तशी. तुमी तर न केलेली चूक पोरावर घातली."

नानासो उठले. त्यांनी अश्फाकसमोर हात जोडले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "या मुलानं काही जाळलं नाही. मी खोटं बोललो." मग ते खिडकीपाशी जाऊन पाठमोरे उभे राहिले. त्यांना कुणी खुर्ची दिली नाही.

"आता तो डिकोडर जागच्या जागी बसवा की!" पाहुणे म्हणाले. "कावी आहे का इथं?"

कावी होती. गरम झाली. राळेचा ओळखीचा वास माडीवर पसरला. पण अश्फाक हात मागे बांधून उभा.

"कुणीबी बसवा," तो म्हणाला. "मला हात लावायची मनाई हाय."

आम्रपालीचे कान लालबुंद झाले. इतक्या लोकांसमोर! पण काल तिनं तरी कुठं एकांतात सांगितलं होतं? तिनं कालपासून माडीवरच राहिलेलं काळं इंजिन उचललं, रुमालाच्या घडीवर उलटं ठेवलं आणि दोन्ही हातांनी घट्ट धरलं.

"काल मी तुला सगळ्यांसमोर बोलले," ती मोठ्यानं म्हणाली. "म्हणून आज सगळ्यांसमोर सांगते. पुरावा नसता तरी मी तुझ्या बाजूनं उभं राहायला हवं होतं. तुझे डाग मी दिवाळीत बघितले होते. मला माहीत होतं. तरी मी मोठ्या माणसाचं खरं मानलं. अश्फाक, मी इंजिन धरते. तू बसव. तू नाही बसवलंस तर राहू दे तसंच बंद."

अश्फाकनं एकदा तिच्याकडे, एकदा कावीकडे बघितलं. मग त्यानं बाह्या सरसावल्या.

"हलवू नगंस," तो म्हणाला.

सिमरननं बॅटरी धरली. लाल आणि काळी तार चाकांकडून येणाऱ्या पत्र्यांना. केशरी आणि करडी मोटरला. मग दिव्याची. कावी टेकायची, कथील चकाकायचं, कावी वर! डोळ्याची पापणी लवायच्या आत एकेक डाग पुरा. पुण्याचे पाहुणे चष्मे सावरत वाकून बघत होते.

"वा! काय हात आहे पोराचा!" एक जण म्हणाले. "आणि काय डोकं चालवलंत तुम्ही चौघांनी! शाबास! चौघांनाही शाबास!"

"तिघांना," अश्फाक स्क्रू आवळता आवळता म्हणाला. "काल मी एकटाच हुतो."

आम्रपालीनं मान खाली घातली, पण इंजिनावरचा हात सोडला नाही.

काळं इंजिन रुळावर ठेवलं. अश्फाकनं पेटीवर चौदा लावला आणि ती आजोबांच्या हातात दिली. आजोबांनी डोक्याला हात लावला, टोपी नाही हे आठवलं आणि आपले केस नीट केले. मग त्यांनी अंगठ्यानं पेटीवरचं चाक फिरवलं, अगदी हळू. दांडे हलले. एक फेरा, दुसरा फेरा, आणि इंजिन स्टेशनातून निघालं! माडी टाळ्यांनी दणाणली. जैनुद्दीनचाचा जिन्यात उभे होते, ते कधी आले कुणालाच कळलं नाही. ते टाळ्या वाजवत नव्हते. ते नुसते अश्फाकच्या हातांकडे बघत होते आणि हसत होते.

इंजिन बोगद्याच्या तोंडाशी आलं. "आरं, अंधारात निघालोय!" आजोबा ओरडले. "दिवा लावा की रं कुणीतरी!"

पेटीवरचं दिव्याचं बटण अश्फाकच्या बाजूला होतं. त्यानं बोट पुढे नेलं आणि थांबवलं. मग आजोबांच्या हातातली पेटी जराशी आम्रपालीकडे वळवली.

"लाव," तो म्हणाला. "बोगदा आला."

आम्रपालीनं बटण दाबलं.